मत्स्यपेटीचे पाणी : सिद्धता आणि साठवण

नळाच्या पाण्याची परीक्षा माणूस स्वतःच्या पोटावरून करतो. ते पिऊन घरात कोणी आजारी पडले नाही म्हणजे पाणी निर्मळ, हा आपला सर्वसाधारण दाखला. आणि तो खोटा ठरू नये म्हणून पाणीपुरवठा खाते त्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीनचा काही अंश जाणूनबुजून शिल्लक ठेवते. ग्राहकाच्या नळाशी पोहोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. मासा मात्र त्याच पाण्यातून श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांचे आवरण इतके पातळ असते की पाण्यातील प्राणवायू त्यातून सरळ रक्तात उतरतो, आणि ज्या वाटेने प्राणवायू आत येतो त्याच वाटेवर हा शिल्लक क्लोरीन त्या नाजूक पेशी जाळीत सुटतो. लिटरमागे ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम एवढी मात्रा पुष्कळ जातींच्या माशांना प्राणघातक ठरते, आणि सतत राहिली तर याच्या दशांशाइतकी मात्रादेखील त्यांना अपायकारक होते. माणसाच्या आरोग्याची जी किमान हमी, ती माशाच्या मृत्यूची पुरेशी सामग्री, असा हा विलक्षण प्रकार आहे.

या प्रश्नाचे दोन भाग पडतात : आणलेले पाणी माशांना योग्य करणे, आणि योग्य केलेले पाणी योग्य स्थितीत राखून ठेवणे. दुकानात मिळणाऱ्या बाटल्यांची सारी धडपड पहिल्या भागासाठी असते, आणि दुसऱ्याकडे हौशी मंडळींचे सहसा लक्षच जात नाही. वस्तुतः या दोहोंत दुसऱ्याची योग्यता अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि इतिहासही त्याच बाजूने साक्ष देतो.

काचपात्रात जलचर पाळण्याची विद्या युरोपात एकोणिसाव्या शतकात रूपास आली, ती मुख्यतः पाणी टिकवावे कसे या एकाच अडचणीतून. एडिंबरोचे सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली खडकावरून काढून आणलेले एक समुद्रपुष्प लहानशा बरणीत ठेवले आणि ते वरचेवर ताजे समुद्रजल आणवून तिच्यातील पाणी बदलीत राहिले; डॅलिएल १८५१ साली वारले, पण ते समुद्रपुष्प इतरांच्या देखरेखीखाली १८८७ पर्यंत जिवंत होते. सर्वांच्या दारी असे ताजे समुद्रजल येणे शक्य नव्हते. ॲना थिन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले, तेव्हा जुनेच पाणी पुन्हा वापरण्यावाचून गत्यंतर नसल्यामुळे त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात अर्धा-पाऊण तास ओतीत बसे. आज एअर पंप जे काम करतो ते त्या अनामिक बाईच्या मनगटांनी केले, आणि या शास्त्राच्या इतिहासात तिचे नाव कोठेही नसावे हा थोडा अन्यायच म्हटला पाहिजे. पुढे १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने दोन गोल्डफिश, वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि कुजलेली पाने खाऊन टाकणाऱ्या गोगलगायी यांचा मेळ घालून पाणी न बदलता पात्र स्वच्छ राहू शकते असे दाखविले. फिलिप गॉस याने १८५४ साली कृत्रिम समुद्रजलाचा पाठ प्रसिद्ध केला. परंतु या सर्वांत व्यवहाराच्या दृष्टीने मोठी कामगिरी विल्यम ॲल्फर्ड लॉइड या मनुष्याची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालय १८७१ मध्ये उघडले, तेव्हा त्याने प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांतील पाण्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या काळोख्या हौदात साठविण्याची तजवीज केली, आणि पंपांच्या साहाय्याने हे पाणी सतत वरखाली फिरते ठेवले. अंधारामुळे शेवाळ वाढत नसे, मोठ्या साठ्यामुळे तापमान एकाएकी चढत-उतरत नसे, आणि एखादी टाकी बिघडली तरी तिचा दोष एवढ्या पाण्यात विरून जाई. ज्या मत्स्यालयाचा साठा मोठा त्याचे मासे सुखी, हे लॉइडचे तत्त्व घरगुती पेटीलाही जसेच्या तसे लागू पडते. फक्त हौदाच्या जागी एखादा पिंप येतो, एवढेच.

आता आपल्या पाण्याकडे वळू. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, वैतरणा आणि भातसा यांचे जे पाणी मिळते ते मुख्यत्वे सह्याद्रीच्या उतारांवरून वाहून आलेले पावसाचे पाणी होय. त्यात विरघळलेले क्षार थोडे, म्हणून ते मृदू असते, आणि डिस्कस किंवा टेट्रा यांसारख्या मूळच्या मृदू जलातील माशांना त्याच्या प्रकृतीविषयी विशेष तक्रार करण्याचे कारण नसते. तक्रार उरते ती क्लोरीनची. हा वायू असल्यामुळे रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी उघडे ठेवले तर चोवीस तासांत तो बहुतांशी निघून जातो. ऊन लागले किंवा एअर स्टोनने पाणी खळबळते ठेवले तर त्याहून लवकर जातो. झाकण घट्ट लावलेल्या पिंपात मात्र तो तसाच कोंडून राहतो, आणि "पाणी दोन दिवसांचे आहे" या भरवशावर ते पेटीत ओतणाऱ्याची फसगत होते. घाईच्या प्रसंगी सोडियम थायोसल्फेट उपयोगी पडते. छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत तोच हा पदार्थ, दुकानदार पांढऱ्या खड्यांच्या रूपाने त्याला अँटी-क्लोरीन या नावाने विकतात. एक भाग क्लोरीनला सुमारे सात भाग हायपो हा हिशेब धरला, तर लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १०० लिटर पाण्याला पाऊण ग्रॅमही लागत नाही. तेव्हा मूठभर खडे टाकण्याची जी चाल दिसते ती केवळ उधळपट्टी आहे.

पुष्कळ जण सांगतात की आम्ही वर्षानुवर्षे नळाचे पाणी थेट ओततो आणि काही बिघडत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नसते. पेटीतील चतुर्थांश पाणी बदलले आणि नळाच्या पाण्यात अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन असला, तर पेटीत त्याची मात्रा अष्टमांश मिलिग्रॅमवर येते, आणि पेटीतील सेंद्रिय द्रव्ये तीही थोड्या वेळात शोषून घेतात. मासे त्या काही मिनिटांचा त्रास निमूटपणे सोसतात. परंतु पावसाळ्याच्या तोंडी गढूळ पाणी आले की शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढते, किंवा इमारतीची टाकी धुऊन तिला ब्लीचिंग पावडर लावलेली असते, आणि अशा एखाद्या दिवशी तोच परिपाठ पेटी रिकामी करून जातो. ऑर्थोटोलिडीनचे दोन थेंब टाकून पाणी पिवळे होते काय एवढे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. खेड्यात हाच प्रकार ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेल्या दिवशी घडतो. तेथे नळाचा दोष नसतो, पण परिणाम एकच.

क्लोरीन आणि अमोनिया यांच्या संयोगाने होणारे क्लोरामाइन हे याहून चिवट. अमेरिकेतील अनेक शहरांत ते मुद्दाम वापरतात, म्हणून तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी मुंबई-पुण्याची "रात्रभर उघडे ठेवा" ही युक्ती तेथे चालवू नये, कारण क्लोरामाइन रात्रभरात उडून जात नाही, आणि हायपोने त्यातील क्लोरीन मोडला तरी अमोनिया मागे राहतो. त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

दख्खनच्या पठारावर, विशेषतः जेथे बोअरवेलवर भिस्त आहे तेथे, प्रश्नाचे स्वरूप पालटते. बेसाल्टच्या भेगांत मुरून राहिलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर ही त्याचीच साक्ष. असे जड पाणी गप्पी, मोली आणि आफ्रिकेच्या सरोवरांतील सिक्लिड यांना मानवते. बोअरचे पाणी क्लोरीनमुक्त म्हणून थेट वापरण्याचा मोह होतो, तो मात्र आवरला पाहिजे. खोल जमिनीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कर्बाम्ल वायू अधिक असू शकतो. क्वचित कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो वायू माशांना विषारी आहे. पंपाच्या दाबाखाली हवा मिसळून पाणी वायूने अतिसंपृक्त झाले तर माशांच्या पंखांत आणि डोळ्यांत बारीक बुडबुडे साचण्याचा रोगही उद्भवतो. लोह असेल तर वर येताना निवळशंख दिसणारे पाणी हवा लागताच तांबूस गढूळ होते. या बहुतेक दोषांवर रात्रभर खळबळते ठेवणे हाच एक साधा इलाज आहे : नको ते वायू निघून जातात, प्राणवायू भरतो, लोह तळाशी बसते, आणि पाण्याचा सामू आपल्या खऱ्या जागी स्थिरावतो. ज्या दोषाला साठवणीने काही होत नाही तो नायट्रेटचा. रासायनिक खतांच्या शेतांखालून येणाऱ्या पाण्यात तो पुष्कळ असू शकतो, माणसाच्या पिण्याच्या पाण्यातही त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे, आणि पाणी पिंपात महिनाभर ठेवले तरी त्यातून रेसभर नायट्रेट कमी होत नाही.

पाणी बदलल्याच्या दिवशीच मासे मेले, अशी जी तक्रार पठारावर वारंवार ऐकू येते, तिचे एक कारण येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया येतो. पाणी आम्लधर्मी असेल तर तो बहुतांशी अमोनियम या निरुपद्रवी रूपात राहतो, आणि पाणी अल्कधर्मी होत जाईल तसतसा विषारी मुक्त अमोनिया वाढत जातो. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी असतो, सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, आणि ९ ला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतो. आता कल्पना करा की कित्येक महिने पाणी न बदललेली एक पेटी आहे. तिच्यातील नायट्रीकारक जंतूंनी अमोनियाचे रूपांतर करता करता पाण्यातील कार्बोनेट संपवून टाकलेले आहे, त्यामुळे सामू घसरलेला आहे, त्या आम्लतेत ते जंतूही मंदावलेले आहेत, आणि अमोनियम साचत चाललेला आहे. मासे सुस्त, परंतु जिवंत. अशा वेळी मालकाला उपरती होऊन तो बोअरचे स्वच्छ, जड, अल्कधर्मी पाणी अर्धी पेटी भरून ओततो, सामू घटकाभरात वर चढतो, आणि साठलेल्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो. तोहमत अर्थातच नव्या पाण्यावर येते, आणि "पाणी बदलू नये, जुने पाणीच चांगले" अशी एक चुकीची समजूत आणखी पक्की होते. वास्तविक गुन्हा जुन्या पाण्याचा. दर आठवड्यास पाचवा ते चौथा हिस्सा पाणी बदलणाऱ्याच्या पेटीत हा स्फोटक साठा होतच नाही. ज्याच्याकडून हयगय झाली त्याने एकदम अर्धे पाणी न ओतता काही दिवस थोडथोडे बदलीत मूळपदावर यावे.

जुन्या पाण्याविषयीच्या या श्रद्धेत सत्याचा एक अंश आहे, तो पाण्यात नसून पेटीच्या वाळूत आणि स्पंजात आहे. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जंतू, ज्यांचे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले, ते अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे जातात. तोवर पाणी कितीही काळजीपूर्वक सिद्ध केलेले असले तरी माशांची गर्दी सोसण्यास ते असमर्थच असते. याउलट, चांगल्या चालत्या पेटीतील स्पंज नळाखाली धरून चोळून काढला तर क्लोरीनने ही सारी वस्ती एका मिनिटात उठते. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

घरगुती शुद्धीकरणाच्या काही जुन्या चालींचा येथे विचार करणे अवश्य आहे, कारण त्या माशांच्या बाबतीतही सद्हेतूने चालविल्या जातात. तुरटी फिरविल्याने गाळ बसतो खरा, पण तिच्यामुळे पाण्याची क्षारता खर्ची पडून सामू उतरतो, आणि मृदू पाण्यात तर तो धोकादायक रीतीने उतरू शकतो. निवळीच्या बिया उगाळून पाणी निवळविण्याची रीत त्या मानाने सौम्य, परंतु मागे राहिलेले सेंद्रिय द्रव्य कुजते. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपण आरोग्यदायी मानतो, आणि नेमके तेच पाणी गोगलगायी व कोळंबी यांना मारक, माशांनाही मृदू पाण्यात अपायकारक असते. तांब्याच्या कॉइलच्या गिझरमधील गरम पाणी मिसळून हिवाळ्यात पेटीचे तापमान साधणाऱ्यांनी, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत पाणी मुरत ठेवणाऱ्यांनी, हे ध्यानात ठेवावे. घरोघरी बसविलेल्या आरओ यंत्राचे पाणी उलट दिशेने सदोष : त्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, त्यामुळे सामू धरून ठेवणारे काहीच राहत नाही, आणि ते निखळ वापरण्यापेक्षा जड पाण्यात प्रमाणाने मिसळणे योग्य. पावसाच्या पाण्यालाही हाच न्याय. कोकणात किंवा गोव्यात ते मुबलक मिळते, पण कौलांवरची पहिल्या सरींची धूळ, विष्ठा आणि पालापाचोळा वाहून गेल्यानंतरचेच धरावे. देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात घालून ते चहाच्या रंगाचे करण्याची फायटर पाळणाऱ्यांची पद्धत मात्र निराधार नाही. मूळच्या साचलेल्या, वनस्पतीमय पाण्यात राहणाऱ्या त्या माशाला तसे किंचित आम्ल पाणी रुचते.

आता साठवणीचे पात्र. खाद्यपदार्थांसाठी बनविलेले प्लास्टिकचे पिंप सर्वांत सोयीचे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या पिंपांत पूर्वी कोणते रसायन भरलेले होते याची चौकशी केल्याखेरीज ते घेऊ नये, कारण प्लास्टिकात मुरलेला अंश धुण्याने जात नाही. सिमेंटचा नवा हौद चुना सोडतो आणि सामू ९ च्याही पलीकडे नेतो. तो पाण्याने भरून, त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे कुजत घालून, दर काही दिवसांनी पाणी ओतून देत दोन-तीन आठवडे मुरविण्याची शेततळ्यावाल्यांची रीत उत्तम आहे. पात्र कोठे ठेवावे हाही प्रश्न आहे. गच्चीवरील काळ्या टाकीतील मे महिन्याचे पाणी हाताला चटका देते. शिवाय पाणी जितके तापेल तितका प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम तर ३० अंशांला सुमारे ७.५. म्हणून पिंप सावलीत, शक्यतो पेटीच्याच खोलीत असावे, म्हणजे त्याचे तापमान आपोआप पेटीइतके राहते आणि बदलताना दोन अंशांहून अधिक फरक पडत नाही. प्रकाश लागला की शेवाळ धरते. लॉइडचा काळोख येथे उपयोगी पडतो. एअर स्टोन चालू ठेवावा, त्यासाठी दिवसाला मोजकीच वीज लागते.

या साठ्याला आपल्याकडे एक सामाजिक बाजू आहे, ती दुर्लक्षून चालणार नाही. स्वच्छ, स्थिर, उघड्या पाण्यात एडिस जातीचा डास अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून डेंग्यू पसरविणारा पूर्ण वाढलेला डास बाहेर पडतो. नगरपालिकेचा आरोग्यसेवक घरात शिरून पिंपात डोकावतो तो याच कारणाने, आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह धरतो तोही याच हिशेबाने. क्लोरीन उडून जावा म्हणून तोंड उघडे हवे आणि डास येऊ नये म्हणून झाकलेले हवे, हा पेच सुती धोतराच्या एका घडीने सुटतो : हवा खेळते, डास शिरत नाही. दर आठवड्यास साठा पेटीत खर्ची घालून पिंप घासून काढले की कोरडा दिवस आपोआप पाळला जातो. पिंपातच दोन गप्पी सोडावेत असे कोणी सुचवितात. अळ्या ते खातात हे निर्विवाद, पण मग ते साठवणीचे पात्र न राहता दुसरी मत्स्यपेटी होते, आणि तिच्यातील पाण्यालाही अमोनियाचे सारे नियम लागू होतात.

खाऱ्या पाण्याच्या पेट्यांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर मुंबईकराला समुद्र जवळ असून फारसा उपयोग नाही. खुल्या समुद्रात किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. किनाऱ्यालगत, विशेषतः जून ते सप्टेंबर, नद्या-नाल्यांच्या पाण्याने हे प्रमाण पार उतरते, आणि सांडपाण्याची भर वेगळीच. म्हणून नैसर्गिक समुद्रजल वापरणाऱ्याने ते उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी, किनाऱ्यापासून दूर घेऊन, गाळून, काही आठवडे अंधारात ठेवावे, म्हणजे त्यातील सूक्ष्म प्लवक मरून तळाशी बसते आणि वरचे पाणी निवळते. हे ज्याला जमत नाही त्याने आरओच्या पाण्यात तयार समुद्रक्षार मिसळून घनता १.०२५ च्या आसपास आणावी आणि ते निदान दिवसभर फिरते ठेवल्यावरच वापरावे; नुकते कालवलेले मीठपाणी माशांना सोसत नाही. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून मुंबईच्या कित्येक पिढ्यांना समुद्री मासे दाखविले, आणि घरी तसेच पाळावे ही इच्छाही पुष्कळांत जागविली; नवशिक्याने तरी एक-दोन वर्षे गोड्या पाण्यावर हात बसवून मगच या वाटेस जावे.

साठा किती असावा, याला सर्वसाधारण उत्तर पेटीच्या पाण्याचा तिसरा हिस्सा हे आहे. साप्ताहिक बदलाला त्यातील बहुतेक पाणी लागते, आणि उरलेले अडीअडचणीसाठी राहते : पाणीकपात जाहीर झाली, टँकरचे पाणी आले आणि त्याचा उगम कळेना, किंवा एखाद्या लहान मुलाने कौतुकाने पेटीत दूध ओतले, तर त्या घटकेस पूर्वीच सिद्ध झालेले पाणी हाताशी असण्याला पर्याय नाही. पेटीतून काढलेले पाणी नायट्रेटमुळे कुंड्यांना उत्तम खत होते. मात्र ते ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये, कारण त्यातून जाणारी गप्पीची पिले, सकर माशाची अंडी किंवा पाणवनस्पतींचे तुकडे तेथे रुजले की स्थानिक माशांच्या हद्दीत अतिक्रमण होते, आणि ते उठविण्याचा उपाय मत्स्यव्यवसाय खात्यापाशीही नसतो.